शिसं वितळवायचं विजेचं भांडं घेताना मी कुठे फसलो

काळी, पांढरी आणि हिरवी. प्लगच्या आत या तीन रंगांच्या वायरी निघाल्या. हे भांडं घरात आलं त्याच दिवशी मी प्लग उघडून पाहिला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. तो उघडला गेला सगळं जळाल्यावर. माझे 10,300 रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं घर शिरपूरला. आप्पांपासून आमच्याकडे जाळ्याला लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या ओतायचं काम चालतं. सावळद्यापासून सुलवाडे बॅरेजपर्यंत तापीवर फेकजाळं टाकणारी बरीच मंडळी आमच्याच गोळ्या नेतात. पावसाळ्याआधी जाळी दुरुस्त होतात, त्यामुळे मे महिन्यात हाताला उसंत नसते. आप्पांनी आयुष्यभर बिडाच्या कढईत आणि पळीनेच ओतकाम केलं. मीही पंधरा वर्षं तेच केलं. पण 44 अंशांच्या उन्हात गॅसच्या शेगडीपुढे तासन्‌तास बसायचं, शिसं किती तापलं ते डोळ्यांनीच ओळखायचं, आणि घरात लहान मुलगी, याची मला काळजी वाटायला लागली होती. उष्णता ठरवून देता येईल आणि तळातून चावीने धार सोडता येईल असं विजेचं भांडं घ्यायचं मी ठरवलं.

अशी भांडी मुळात अमेरिकेत चालतात. तिथे हौशी लोक घरी बंदुकीच्या गोळ्या ओततात, त्यासाठीच ती बनवलेली असतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, त्या भानगडीशी आपला काही संबंध नाही. पण शिसं वितळवायचं भांडं म्हणून वस्तू तीच. पोलादी पात्र, त्याच्याभोवती कॉइल, बाजूला थर्मोस्टॅट, मध्ये उभी सळई आणि तळाला बारीक भोक. सळई उचलली की धार सुटते, सोडली की बंद होते. मळी वर तरंगत राहते आणि साच्यात खालचं स्वच्छ शिसं जातं. पळीपेक्षा हे कितीतरी बरं, हे मी आजही म्हणतो.

वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातीत मला असं एक भांडं दिसलं. इम्पोर्टेड, नऊ किलोचं, 8,500 रुपये. फोन केला तर माणूस बोलायला फार गोड. मला दादा म्हणायचा. आप्पांच्या तब्येतीची चौकशी करायचा. मी विचारलं, आपल्या करंटवर चालेल ना? तो म्हणाला, "दादा, 220 चंच आहे, पाटीचा फोटो टाकतो." फोटो आला, पाटीवर 220 लिहिलेलं होतं. मग व्हिडिओ आला, त्यात शिसं पाण्यासारखं हललेलं दिसत होतं. पुढे त्याने आणखी एक गळ टाकला. त्याच्याकडे गाड्यांच्या व्हील बॅलन्सिंगच्या वजनांची दहा किलोची गोणी होती. म्हणाला, "सगळं शिसंच आहे, मी स्वतः निवडलंय, 1,800 ला देतो." मी 5,000 आगाऊ पाठवले आणि उरलेले पार्सल हातात आल्यावर. पार्सल खरंच आलं. खोकं आलं म्हणजे फसवणूक नाही, असं मी धरून चाललो. तिथेच मी चुकलो.

भांड्यात आधी घरचं पाच किलो शिसं टाकलं. जुन्या केबलीचं, मऊ, नखाने ओरखडा उठेल असं. त्यावर गोणीतली तीन किलो वजनं टाकली आणि बटण दाबलं. गॅसवर एवढ्या मालाला अर्धा तास लागतो. इथे दहा मिनिटांत सगळं पातळ झालं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आप्पा ओट्यावर बसले होते, त्यांनी एकदा मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्या लवकर?"

त्याच क्षणी मी थांबायला हवं होतं. शिशाच्या तोंडावर आधी सोनेरी, मग जांभळी, मग निळी झाक चढली. मोराच्या पिसावर असते तशी. दिसायला फार सुंदर, पण तो धोक्याचा रंग आहे. शिसं गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापलंय, हे तो रंग सांगत असतो. मी थर्मोस्टॅटचं बटण मागे फिरवलं. काही फरक पडला नाही. आणखी फिरवलं. आत 'टक' आवाज यायला हवा, तो येतच नव्हता.

तरीही मी साचा पुढे घेतला आणि ओतायला लागलो. पहिल्या गोळ्या बऱ्या निघाल्या. मग धार तुटक पडायला लागली. साच्याचे कोपरे भरेनात. वर राखाडी कण्यांसारखं काहीतरी जमायला लागलं, ढवळलं की घट्ट होई. तळाच्या चावीतून थेंब गळत होते आणि सळई दाबूनही थांबत नव्हते. तेवढ्यात भिंतीवरून जळका वास आला. बोर्डावरचं सॉकेट मऊ पडून वाकलं होतं. मी मेन स्विच पाडायला धावलो, तेवढ्यात भांड्यात 'फट्' असा आवाज झाला आणि कॉइल तुटली. मुलगी आत झोपली होती. तो वास आठवला तरी आजही पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्या भाऊंनी प्लग खोलला. आपल्या वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी असते, जुन्या मालात लाल, काळी, हिरवी. काळी-पांढरी-हिरवी ही जोडी अमेरिकेतली. त्यांच्याकडे घरात 120 व्होल्ट असतात. मूळचा चपट्या पात्यांचा प्लग कापून त्याजागी आपला तीन गोल पिनांचा बसवला होता. पाटीवरचं 220 म्हणजे वर चिकटवलेलं स्टिकर होतं. भाऊंनी ते नखाने उचललं, खाली कोरलेलं दिसलं: 120 व्होल्ट, 500 वॉट.

मग त्यांनी वहीच्या पानावर हिशेब करून दाखवला. व्होल्ट दुप्पट झाले की कॉइल दुप्पट नाही, जवळपास चौपट वीज ओढते. 120 ची वस्तू आपल्या 230 वर लावली की 500 वॉटचे साधारण 1,840 वॉट होतात, म्हणजे आठ अँपिअर. माझं सॉकेट सहा अँपिअरचं. त्यात थर्मोस्टॅटच्या आतले काटे एवढ्या करंटने चिकटून गेले, म्हणून बटण फिरवून काही होत नव्हतं. आणि तो व्हिडिओ? तोही आपल्याच लाइटीवर काढलेला असणार. पहिली काही मिनिटं ते चालतंच. म्हणून चालतं भांडं दाखवणं हा पुरावा नाही. असं भांडं घ्यायचंच असेल, तर विक्रेत्याकडून प्लग उघडून आतल्या वायरींचा फोटो मागवा. पाटीचाही फोटो मागवा, पण कडेने, तिरप्या उजेडात, म्हणजे स्टिकर आहे की कोरीव अक्षरं ते कळतं. 120 चं भांडं वापरायला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो किलोवॅटचा घेतला तर 500 वॉटचं भांडं निवांत चालतं, पण त्याचाही खर्च किमतीत धरा.

आता गोणीचं. त्या राखाडी कण्या म्हणजे जस्त होतं. शिसं 327 अंशाला वितळतं, जस्त 419 ला. भांडं बरोबर चाललं असतं आणि उष्णता 370 च्या आसपास राहिली असती, तर जस्ताची वजनं न वितळता वर तरंगली असती, कारण जस्त शिशापेक्षा बरंच हलकं असतं. मी ती झाऱ्याने उचलून टाकली असती. पण भांडं चौपट विजेवर पेटल्यावर जस्तही वितळलं. थोडं जस्त जरी शिशात मुरलं तरी ओतकाम बिघडतं. धार जाड होते आणि साचा भरत नाही. त्या एका घाणीने घरचं पाच किलो चांगलं शिसंही गेलं.

उरलेली गोणी मग मी जमिनीवर ओतून एकेक वजन पाहिलं. बऱ्याच वजनांच्या पाठीवर झेड आणि एन ही अक्षरं ठसठशीत उमटलेली होती, म्हणजे जस्त. काहींना लोहचुंबक चिकटला, ती लोखंडाची. पक्कडीने दाबून पाहिलं की शिशात दात रुततो, जस्तात नाही. फरशीवर टाकलं की शिसं धप्प पडतं, जस्त टणकन वाजतं. ही परीक्षा घ्यायला पाच मिनिटं लागतात. हल्लीच्या गाड्यांना जस्ताची आणि लोखंडाची वजनं सर्रास लावतात, त्यामुळे टायरवाल्याकडची गोणी न निवडता कुणीही घेऊ नये. आणि बॅटरीच्या प्लेटी तर मुळीच नकोत. त्यांतली आम्लाची घाण आणि इतर धातू घरच्या भट्टीत घालायच्या नसतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणी झालेल्या ठिकाणीच गेली पाहिजे.

पहिल्या बऱ्या निघालेल्या गोळ्या मी सावळद्याला दिल्या होत्या. चार दिवसांनी तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्यातली एक माझ्या तळहातावर ठेवली. ते दोरीवर गोळी दातांनी दाबून बसवतात. "हाई शिसं नही शे, भो," एवढंच म्हणाले. दाताला ती कडक लागली होती. मी मान खाली घातली आणि सगळा माल परत आणला. त्यांना दातांनी दाबू नका म्हणून हात जोडून सांगितलं, कारण शिसं तोंडात जाणं फार वाईट आहे, पोरांना तर सगळ्यात वाईट. वेगळी लहान पक्कड त्यांना नेऊन दिली.

पैशांचं काय झालं तेही सांगतो. विक्रेत्याचा फोन लागेना झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तीन दिवस फार झाले. पैसे गेल्या-गेल्या पहिल्या तासात हा नंबर लावला तर ते खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते, तीन दिवसांनी ते पुढे निघून गेलेले असतात. तरी सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही दिली. ग्राहक हेल्पलाइन 1915 लाही लावला. एकाने मला सांगितलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. हे पूर्ण खरं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरायला वस्तू घेतली तर तुम्ही ग्राहकच धरले जाता. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. माझी धुळ्याच्या जिल्हा आयोगात दाखल आहे. स्टिकर, जुना प्लग, व्हिडिओ आणि पैसे पाठवल्याचे पुरावे मी पाकिटात घालून ठेवले आहेत. तुम्हीही काही फेकू नका.

बिडाची कढई मी पुन्हा काढली. वायरीच्या ब्रशने गंज खरवडला आणि एकदा रिकामी तापवून ओल काढली. कढईत, पळीवर किंवा साच्यात ओलाव्याचा थेंबसुद्धा राहिला की वितळलेलं शिसं उसळून चेहऱ्यावर येतं, म्हणून थंड भंगार मी आता काठावर ठेवून वाळवतो आणि मगच आत सोडतो. मळी काढायला लाकडाचा भुसा टाकतो, ढवळतो आणि खरडून पत्र्याच्या झाकणबंद डब्यात भरतो. शिशात सगळ्यात वाईट ती मळीची भुकटी. ती उडते, हाताला लागते, पोरीच्या कपड्यांत जाते. ओतकाम ओट्यावरून हलवून गोठ्याच्या मागे नेलंय. तिथले कपडे घरात येत नाहीत, हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला लागत नाहीत. अॅल्युमिनियमची डेगची वापरू का, असं मला दोघांनी विचारलं. नका वापरू. एवढ्या उष्णतेला अॅल्युमिनियम वितळत नसलं तरी नरम पडतं, आणि दहा किलो वितळलेल्या शिशाचा भार नरम भांड्यावर घ्यायचा नसतो.

जळालेलं भांडं भाऊंच्या दुकानात पडून आहे. पात्र पोलादी आहे, त्याला काही झालेलं नाही. 230 व्होल्टची 500 वॉटची कॉइल आणि नवा थर्मोस्टॅट बसवायचा खर्च त्यांनी 2,200 सांगितलाय. दिवाळीनंतर ते करून घेईन. तोवर सावळद्याच्या बाबांच्या जाळ्याला लागणाऱ्या तीनशे गोळ्या मी गेल्या आठवड्यात कढईवरच ओतल्या, मऊ केबलीच्या शिशाच्या, आणि स्वतः नेऊन दिल्या.