एगेस्कोव की फ्रेडरिक्सबोर्ग? डेन्मार्कमधले विटांचे दोन किल्ले

डेन्मार्कला जाताय आणि विटांचा एकच किल्ला बघण्याइतका वेळ आहे, तर सोयीचा आहे फ्रेडरिक्सबोर्ग. कोपनहेगनहून लोकलने चाळीसेक मिनिटांत हिलेरॉड येतं आणि किल्ला वर्षभर उघडा असतो. एगेस्कोवसाठी फ्यून बेटावर क्वेर्नड्रुपपर्यंत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. शिवाय हिवाळ्यात तो बहुतेक काळ बंदच. तरीही सह्याद्रीतले गड पायांखाली घातलेल्या माणसाला मी एगेस्कोवच सांगेन.

कारण तो लढायच्या तयारीने बांधलाय. १५३४ ते १५३६ च्या यादवीत शेतकऱ्यांनी सरदारांच्या कितीतरी गढ्या जाळल्या. ती धास्ती ताजी असतानाच फ्रान्ड्स ब्रोकनहूस या सरदाराने तळ्यात ओकचे खांब ठोकून त्यावर हे घर चढवलं. १५५४ मध्ये ते पुरं झालं. त्यासाठी ओकचं अख्खं रान तोडलं म्हणतात, आणि ‘एगेस्कोव’चा अर्थही ओकचं रान असाच. बाहेरून एकसंध दिसणारी ही वास्तू म्हणजे खरं तर दोन लांबट घरं, मध्ये जाड दुहेरी भिंत. भिंतीच्या पोटात चोरजिने आणि विहीर! शत्रूने एक घर घेतलं, तर दुसऱ्यात सरकून झुंज चालू ठेवायची. आपल्याकडे बालेकिल्ला जे काम करतो, ते इथे एका भिंतीने केलंय. बुरुजांची आजची उंची मात्र १८८० च्या दशकातली आहे.

फ्रेडरिक्सबोर्ग हा राजाचा थाट. चौथ्या ख्रिश्चनने १६०२ नंतर तो उभारला: लाल वीट, वालुकाश्माचे पट्टे, डच वळणाची शिखरं. (याच राजाच्या कारकिर्दीत, १६२० मध्ये, तंजावरच्या नायकाशी करार करून डॅनिश लोक तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीत उतरले. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं.) पण १८५९ च्या आगीत आतलं बरंच जळालं. कार्ल्सबर्ग बिअरवाल्या याकोबसेनच्या पैशाने ते पुन्हा सजलं आणि १८७८ पासून तिथे राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय आहे. दालनं देखणी आहेत, पण पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातली. प्रार्थनागृह मात्र वाचलं. १६७१ ते १८४० बहुतेक राजांचे अभिषेक तिथेच झाले, आणि तिथला १६१० चा ऑर्गन आजही वाजतो. संगीताचा कान असेल, तर माझं ऐकू नका, इथेच या.

मुलं बरोबर असतील तर पुन्हा एगेस्कोव. छपराखाली एक लाकडी माणूस ठेवलाय. तो जागचा हलवला, तर नाताळच्या रात्री किल्ला तळ्यात बुडेल असं तिथे सांगतात.