पडलेलं चर्च शोधायला गूगल अर्थ प्रो कितपत कामाचं?

हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली चालणारी फौज, १९०३ साली ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत मिसळलं आणि पुढे हिंगोली, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) ही लष्करी ठाणी उठली. अशा ठिकाणी बंगला कुठे होता, चर्च कुठे होतं हे धुंडाळणारे हल्ली गूगल अर्थ प्रो उघडतात. २०१५ पासून ते फुकट आहे. कॉम्प्युटरवरचंच घ्या, कारण जुना नकाशा वर चढवायची सोय तिथे नीट आहे.

घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की पट्टी १९८४ पर्यंत मागे सरकते. इथेच बहुतेक जण फसतात. ती जुनी चित्रं लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांची, एका ठिपक्यात ३० मीटर जमीन! वीस-पंचवीस मीटरचं चर्च त्या एका ठिपक्यातच विरघळतं. इमारत ओळखू येईल अशी चित्रं आपल्या तालुक्याच्या गावांना २००० नंतरचीच. त्याआधी पाडलेल्या इमारतीचा फक्त पाया हाती लागला तर लागतो.

आधी संभाजीनगरच्या छावणीतल्या, अजून उभ्या असलेल्या क्राइस्ट चर्चवर नजर बसवा. मग मोकळ्या जागा बघा. ऑक्टोबर ते जानेवारीची चित्रं निवडा. पुरलेल्या दगडी पायावर मातीचा थर पातळ, म्हणून तिथलं गवत आधी पिवळं पडतं आणि भिंतीची रेघ उमटते. मे महिन्यात सगळंच करपलेलं, काही कळत नाही. रेघ पूर्व-पश्चिम दिसली म्हणून लगेच चर्च ठरवू नका, मशिदीची किब्लाही (नमाजाची मक्केकडची दिशा) इकडे जवळपास पश्चिमेलाच येते. फरक लांबीत आहे: चर्च बहुधा पूर्व-पश्चिम लांब, मशिदीचा दालान उत्तर-दक्षिण रुंद.

जुना नकाशा चढवायचा तर आधी 'आर' दाबून दृश्य सरळ करा, मग कंट्रोल-शिफ्ट-ओ. नकाशाचा फोटो समोरून, सपाट काढलेला हवा. वेस, बारव, पूल अशा तीन न हललेल्या खुणा जुळवा. इथे नकाशा रबरासारखा हवा तसा ताणता येत नाही, म्हणून अख्खं शीट बसवायच्या फंदात न पडता एक मोहल्ला बसवा. सर्व्हे ऑफ इंडियाचं नकाशा-शीट ४७ एम/५ (संभाजीनगर) किंवा ४७ एम/१३ (जालना) वापरलंत तर ध्यानात ठेवा, १:५०,००० या प्रमाणाला वीस मीटरची इमारत कागदावर ०.४ मिलिमीटर भरते. चर्चची खूण म्हणजे 'इथे आसपास', एवढंच.

वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकमेकांपासून काही मीटर सरकलेली असतात. त्यामुळे खुंटी (प्लेसमार्क, म्हणजे जागेची खूण) रोवताना एकाच तारखेच्या चित्रावर रोवा, आणि ती तारीख खुंटीच्या नावातच लिहा.