केनियातली शाळा एप्रिलमध्ये बंद असते

माझा कोल्हापूरच्या शाहूपुरीत छपाईचा छोटा धंदा आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, शाळांचे फ्लेक्स. तेवीस वर्षं कागद हाताळतोय. हे आधी सांगतो, कारण लेकीला केनियात शिकवायला नेतो म्हणून एकानं आम्हाला फसवलं, ती फसवणूक कागदावरच झाली आणि ते सगळे कागद माझ्या हातातून गेले होते.

२०१९ चा महापूर आला तेव्हा माझी लेक बारा वर्षांची होती. गल्लीतल्या बायका पूरग्रस्तांसाठी भाकरी थापत होत्या आणि ही चार-चार भाकरी, चटणी, कांदा असं मोजून पिशव्या भरत बसायची. रात्री उशिरापर्यंत उठायची नाही. पुढं दहावीनंतर आमच्या गल्लीतल्या चार लहान मुलांना ती इंग्रजी शिकवायला लागली, तेही फुकट. त्यामुळं बारावीच्या वर्षी, "पप्पा, पेपर झाल्यावर महिनाभर परदेशात मुलांना शिकवायला जायचं," असं ती म्हणाली तेव्हा मला ते खूळ वाटलं नाही. अभिमानच वाटला.

डिसेंबर २०२४ मध्ये स्टेशन रोडच्या एका हॉलमध्ये सेमिनार होता. बोलावणं कॉलेजच्या मुलींच्या ग्रुपवर आलेलं. चांगलं बोलणारा, तिशीतला, कोल्हापूरचाच माणूस. मागं पडद्यावर काळ्यासावळ्या हसऱ्या मुलांचे फोटो, कोपऱ्यात संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांचं ते रंगीत चक्र. योजना अशी: ७ एप्रिलपासून चार आठवडे केनियात, नैरोबीजवळच्या एका शाळेत मुलांना शिकवायचं, तिथल्याच कुटुंबात राहायचं, शेवटी सर्टिफिकेट आणि शिफारसपत्र. परदेशी कॉलेजात ॲडमिशनला त्याचं वजन पडतं, असंही सांगितलं. ते चक्र मी स्वतः कितीतरी शाळांच्या फ्लेक्सवर छापलंय, ते कुणालाही छापता येतं हे मला माहीत होतं. तरी त्या हॉलमध्ये ते बघून मन निवांत झालं.

सगळा घोळ एका शब्दात होता, तो म्हणजे 'सेवा'. कुणी माझ्या मुलीला दुबईत नोकरी लावतो म्हणाला असता तर मी लायसन्स बघितलं असतं, कुणाला पाठवलंय ते विचारलं असतं, दहा घरं फिरून चौकशी केली असती. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी लागते आणि ती 'ई-मायग्रेट' पोर्टलवर बघता येते, हे आमच्या गल्लीतल्या गवंड्यालासुद्धा ठाऊक आहे. पण हा माणूस म्हणाला, "सर, ही नोकरी नाही, सेवा आहे. त्यामुळं लायसन्सचा प्रश्नच येत नाही." आणि आम्ही गप्प बसलो. लेक परक्या मुलांना शिकवायला निघालीय आणि आपण पावत्या मागत बसायचं, याची मला लाज वाटली. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, तिथल्या शाळेत फोन लावून बघूया का?" मी तिला म्हणालो, "बरं दिसतं का ते?"

पैसे असे गेले. नोंदणीचे १५,००० रोख. कार्यक्रमाची फी ९०,०००, ती यूपीआयनं. विमानाच्या तिकिटाचे ५५,०००. व्हिसा आणि विम्याचे २५,०००. एकूण १,८५,०००. त्यातले लाखभर बायकोच्या पाटल्यांवर गुजरीजवळच्या एका पतसंस्थेतून उचलले. यूपीआयनं पैसे पाठवताना स्क्रीनवर संस्थेचं नाव आलं नाही, एका बाईचं नाव आलं. मी तिथल्या तिथं विचारलं. "अकाउंटच्या मॅडम आहेत सर, संस्थेचं खातं ऑडिटला आहे," असं उत्तर मिळालं. अंगठा स्क्रीनवर तसाच होता. मी पिन टाकला.

पावती म्हणून छापील व्हाउचर मिळालं. त्यावर अनुक्रमांक नव्हता, जीएसटी नंबर नव्हता. मी रोज लोकांची बिलबुकं छापतो, प्रत्येक पानावर नंबर टाकायचं मशिन माझ्या दुकानात आहे. नंबर नसलेलं व्हाउचर कितीही छापता येतं आणि कितीही फाडता येतं. शिवाय परदेशी टूरचं पॅकेज रीतसर विकलं तर विकणाऱ्याला टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून वसूल करून सरकारला भरायचा आयकर, घ्यावा लागतो आणि त्यासाठी पॅन मागावा लागतो. आमचा पॅन कुणी मागितलाच नाही.

पासपोर्ट मात्र मागितला. आम्ही तो कोल्हापुरातल्याच पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रातून काढला होता, १,५०० रुपये सरकारी फी भरून. "व्हिसाचा शिक्का मारायला मुंबईला पाठवायचाय" म्हणून त्यानं मूळ पासपोर्ट ठेवून घेतला. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून 'ईटीए', म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, सुरू केलंय, हे मला नंतर कळलं. ते घरी बसून ऑनलाइन भरायचं असतं, पासपोर्टचं फक्त स्कॅन जोडायचं असतं, फी तीसेक डॉलर. शिक्का मारायला पासपोर्ट कुठंही पाठवावा लागत नाही. तो ठेवून घेतला तो आम्ही मध्येच दुसरीकडं जाऊ नये म्हणून.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पेपर संपले. बॅग आली, मुलांना वाटायला शंभर पेन्सिली आल्या, बायकोनं शेंगदाण्याची चटणी आणि लाडू करायला घेतले. २४ मार्चला माझा मेहुणा आला. तो शिरोलीच्या एका कंपनीत आहे, मशिन बसवायला दोनदा नैरोबीला जाऊन आलेला. पाणी पिता पिता सहज म्हणाला, "दाजी, पोरीला यलो फीव्हरचं टोचून आणलं न्हवं? पिवळं कार्ड कुठाय?"

आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. केनियातून परत येणाऱ्याला भारतात यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं, नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मी लगेच त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका, ते एअरपोर्टवर देतात." फोन स्पीकरवर होता. मेहुण्यानं ग्लास खाली ठेवला आणि मान हलवली. केनियाला मुलं पाठवणाऱ्याला केनियाची लस माहीत नाही, म्हणजे यानं एकही मूल तिकडं पाठवलेलं नाही, हे त्याच क्षणी आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. बोललं मात्र कुणीच नाही. लेक समोर बसली होती.

त्या रात्री तिनंच पुढचं शोधून काढलं. पहाटे उठून बघतो तर ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसलेली. म्हणाली, "पप्पा, केनियात एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी असते. पहिलं सत्र एप्रिलच्या सुरुवातीला संपतं, दुसरं महिनाअखेरीस सुरू होतं. मी शिकवणार कुणाला होते?" तिनं सेमिनारमधला शाळेचा फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघितला होता. तोच फोटो दुसऱ्याच देशातल्या शाळेच्या नावानं दोन-तीन ठिकाणी निघाला. आणखी एक गोष्ट तिनं वाचली. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर तिथं काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. म्हणजे समजा आमच्या नावानं खरंच ईटीए काढलं असतं आणि पोरगी तिथं पोचलीही असती, तरी परक्या देशात कायदा मोडणारी म्हणून तिचंच नाव लागलं असतं. पैशापेक्षा मला आजही ह्याची भीती जास्त वाटते.

मग तिकीट. आमच्याकडं पीएनआर होता आणि फेब्रुवारीत तो विमान कंपनीच्या साइटवर टाकल्यावर लेकीचं नाव, तारीख सगळं दिसलं होतं. तेवढ्यावर आम्ही खूश होतो. आता टाकला तर बुकिंग सापडत नाही म्हणून आलं. विमान कंपनीला फोन केल्यावर उलगडा झाला. पीएनआर हा जागा धरून ठेवल्याचा नंबर असतो. पैसे भरले नाहीत तर ठरावीक मुदतीनंतर ती जागा आपोआप सुटते. पैसे भरले की तेरा आकडी ई-तिकीट नंबर पडतो. तो आमच्या कागदावर कुठंच नव्हता. ५५,००० रुपयांत आम्हाला काही दिवसांपुरती धरून ठेवलेली जागा मिळाली होती.

त्या सेमिनारवाल्या माणसानं जायची तारीख आधी २१ एप्रिल केली, मग मे. तोवर ग्रुपवरनं इतर पालकांचे नंबर मिळाले. इचलकरंजीचे एक गृहस्थ, त्यांचा मुलगाही ७ एप्रिललाच जाणार होता, त्यांच्याकडचं शाळेचं निमंत्रणपत्र घेऊन माझ्या दुकानात आले. मी माझं पत्र काढलं. दोन्ही एकावर एक ठेवली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. शिक्का शिक्क्यावर बसला, सही सहीवर बसली, केसाएवढासुद्धा फरक नाही. शिक्क्याच्या गोलाची रेघ एका जागी तुटली होती, ती दोन्ही पत्रांवर तिथंच तुटलेली. हातानं मारलेला शिक्का कधीच दोनदा सारखा बसत नाही. कुठं शाई जास्त येते, कुठं कडा फिकी राहते, कागदाच्या मागं हात फिरवला तर दाब लागतो. हे स्कॅन करून चिकटवलेलं आणि रंगीत प्रिंटरवर काढलेलं. अशी कामं दुकानात आली तर मी परत पाठवतो. जानेवारीपासून ते पत्र माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सात पालक एकदमच त्याच्या ऑफिसात गेलो. आरडाओरडा केला नाही, पासपोर्ट मागितले. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो असा कुणाला अडकवून ठेवता येत नाही, एवढं एक वाक्य पाठ करून गेलो होतो. ते कामाला आलं. सातही पासपोर्ट ड्रॉवरमध्येच होते, मुंबईला गेलेच नव्हते. पैशांबद्दल "आठ दिवसांत" म्हणाला. आठव्या दिवशी ऑफिसला कुलूप होतं आणि मोबाइल बंद.

तक्रार द्यायला आम्ही उशीर केला, आणि मला सगळ्यात जास्त डाचतं ते हे. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवायची संधी असते. आम्ही "आपलाच कोल्हापूरचा माणूस आहे, देईल" म्हणत आणखी दोन आठवडे घालवले, तोवर त्या बाईच्या खात्यात काही उरलं नव्हतं. पोलिसांत तक्रार दिली आहे, फसवणुकीचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी स्वतंत्रपणे जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मध्यस्थामार्फत आजवर २०,००० परत आले आहेत. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत.

या वर्षी पुन्हा असे सेमिनार सुरू झालेत, म्हणून हे लिहितोय. नावं वेगळी, हॉल वेगळे. कुणी तुमच्या पोराला सेवेसाठी परदेशात नेतो म्हणाला तर तिथल्या शाळेचा किंवा संस्थेचा फोन नंबर एजंटाकडून घेऊ नका, स्वतः शोधा आणि लावा. कुठल्या परवानगीवर पाठवणार, त्या परवानगीवर काम करता येतं का, हे त्या देशाच्या सरकारी साइटवर वाचा. मागच्या वर्षी गेलेल्या दोन मुलांच्या आईवडिलांशी समोरासमोर बोला. जीएसटी नंबर पोर्टलवर फुकट तपासता येतो. संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह दाखवून फी मागितली तर उठून या, त्यांच्या स्वयंसेवकांच्या अर्जाला पैसे लागत नाहीत. आणि अनाथाश्रमात काम आहे म्हणाले तर जास्तच जपा. नेपाळ, कंबोडियासारख्या देशांत आईबाप हयात असलेल्या मुलांना अनाथ म्हणून ठेवून परदेशी पाहुण्यांकडून पैसे उकळल्याचं उघडकीला आलं आहे. आपलं मूल तिथं गेलं तर नकळत त्याच धंद्याला हातभार लावून येतं.

लेक काही महिने कुणाशी नीट बोलत नव्हती. "माझ्यामुळं आईच्या पाटल्या गेल्या," एवढंच तिच्या डोक्यात. त्या शंभर पेन्सिली तिनं जूनमध्ये गल्लीतल्या मुलांना वाटल्या. तिचा इंग्रजीचा वर्ग आता आमच्या गच्चीवर भरतो, अकरा मुलं येतात. परदेशाचं नाव तिनं अजून काढलेलं नाही. मी काढायला लावणार आहे, कारण तिची इच्छा खोटी नव्हती.

सध्या आमच्या यादीत कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर आणि सांगलीकडचे मिळून चौदा पालक आहेत. तक्रार दिलीय फक्त नऊ जणांनी. बाकीचे 'नाव बाहेर येईल' म्हणून थांबलेत. २०२५ च्या उन्हाळ्यात ज्यांची मुलं अशीच केनियाला निघाली होती त्यांनी पावती नसली तरी यावं. रोख दिलेले पैसे सिद्ध करणं अवघड आहे, पण यूपीआयनं गेलेल्या प्रत्येक रुपयाचं स्टेटमेंट बँकेत मिळतं. आणि ते निमंत्रणपत्र फाडू नका, घेऊन या. आमच्याकडं आत्तापर्यंत नऊ पत्रं जमली आहेत, नऊही पत्रांवर शिक्क्याची रेघ त्याच जागी तुटलेली आहे.