माहुली किल्ल्याच्या पायथ्याचं शेतघर: पोहायचा तलाव हवा असेल तर जाऊ नका

ठाण्याहून कसारा लोकल, आसनगावला उतरून रिक्षा, आणि रिक्षा थांबते तिथून पुढे बांधावरून पायी. चाकांच्या बॅगा नेऊ नका, आमच्या एका बॅगेचं चाक तिथेच गेलं. सोबत सासरे होते, अण्णा. माणगावकडचे, भातशेतीत वाढलेले. त्यामुळे हा अभिप्राय निम्मा त्यांचा समजा.

पाडा लहानसा आहे. काही घरं कौलारू, कुडाच्या भिंतींची; काही स्लॅबची, आणि एका स्लॅबवर तर चक्क पेंढ्याची उडवी रचलेली. मागे माहुलीचे सुळके, समोर पायरी-पायरीने उतरत गेलेली खाचरं. आम्ही दिवाळीनंतर गेलो, तेव्हा भात कापून झालं होतं. उरलेल्या खुंटांमध्ये वाल नुकताच दोन पानांवर आला होता. भाताची ओल जमिनीत असते, तेवढ्यावरच तो येतो. मुलाला हे खरं वाटेना, तर अण्णांनी त्याला वाकून माती दाबायला लावली.

जाहिरातीत ‘शेतीचा अनुभव’ लिहिलंय, तो खरा आहे, कारण तुमच्यासाठी कोणी काही मुद्दाम करत नाही. सारवलेल्या खळ्यावर झोडणी चालू होती. फळीवर पेंढी आपटायची, उलटवायची, पुन्हा आपटायची. दाणे सुटले की पेंढा बाजूला. वारा पडलेला, म्हणून ओटीवरून वायर ओढून टेबलफॅन लावला होता आणि घरच्या वहिनी त्याच्यासमोर सुपातून भात वारवत होत्या. अण्णांनी चार दाणे दाताखाली धरले आणि मालकांना सांगितलं, “दमट आहे अजून. असाच कणगीत भराल तर वास धरेल.” मालक म्हणाले, “बाबा, उद्या ऊन देणारच आहे. तुम्ही आधी हात धुवा, जेवण वाढलंय.” दोघांचं तिथूनच जमलं.

जेवणाला पैकीच्या पैकी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, गावठी कोंबडी, सुकट. कोंबडीचा रस्सा तिखट आहे, लहान मुलांसाठी आधीच सांगून ठेवा.

बैलगाडीची सफर मात्र घेऊ नका. बैल या घरचे नाहीत, गाडीला झिरमिळ्या लावून बाहेरून आणतात, पैसे वेगळे, आणि डांबरी रस्त्यावर थोडं पुढे नेऊन परत. संडास स्वच्छ, पण घराबाहेर. रात्री टॉर्च लागतोच. मोबाईलला रेंज फक्त विहिरीजवळ.

शनिवारी रात्री जवळच्या फार्महाऊसवर डीजे वाजत होता. यात या घराचा दोष नाही, पण तुमची झोप जाणार. इथल्या शेतजमिनी विकल्या जातायत, हा अंदाज वाटेत दिसणाऱ्या प्लॉटविक्रीच्या पाट्यांवरून येतोच. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला, तो याच शहापूर तालुक्यातून जातो. मालकांना विचारलं तर म्हणाले, बांधाला बांध लागून असलेली दोन खाचरं विकली गेली, आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि गुरांना फिरून जावं लागतं.

उन्हाळ्यात यायचं का, असं विचारल्यावर वहिनींनी सरळ नको म्हटलं. भातसा, तानसा, मोडकसागर सगळे याच तालुक्यात, मुंबईला बरंचसं पाणी इथूनच जातं, आणि एप्रिल-मेमध्ये इथले कित्येक पाडे टँकरची वाट बघतात. येणारं गिऱ्हाईक कोण असं परत पाठवतं? मला तरी हे रिसॉर्टवाल्यांच्या गोड बोलण्यापेक्षा आवडलं. पावसात लावणीला या म्हणाल्या, चिखलात उतरायची तयारी असेल तर.

माणशी चौदाशे, दोन वेळचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून. रोख न्या. नवे तांदूळ विकत मागितले तर मालकांनी नकार दिला, ते मऊ शिजतात म्हणून. मागच्या वर्षीचे पाच किलो दिले. शक्यतो मधल्या वारी जा, डीजे नसेल.