उपवासाची यादी आणि डिजिटल फलक: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या उपाहारगृहात गल्ल्याच्या मागे लावलेल्या दोन डिजिटल फलकांचे वार्षिक शुल्क भरण्याची वेळ आली आणि नेमके त्याच आठवड्यात, संकष्टीच्या दिवशी, त्यांवर दुपारपर्यंत मिसळ आणि कांदाभजीच झळकत राहिली. पडद्याचा आकार, चित्राची स्पष्टता याबद्दल माझी तक्रार नाही. सारे म्हणणे वेळापत्रकाविषयी आहे.

फलकावर कधी काय दिसावे हे ठरवणाऱ्या या सॉफ्टवेअरला रोज, वार आणि महिन्यातील तारीख एवढीच पुनरावृत्ती समजते, तिथी समजत नाही. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळे संकष्टी आणि एकादशीच्या तारखा दर महिन्याला सरकतात, आणि अधिक महिना आला की मागल्या वर्षाचे वेळापत्रक पूर्णच निरुपयोगी ठरते: गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. मदत केंद्राने यावर प्रत्येक पडद्यामागे जादा शुल्काची ‘विशेष सुविधा’ सुचवली. जी माहिती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायला माझे मन तयार झाले नाही.

पुढे मार्ग सापडला तो त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे माझा राग निम्मा उतरला. एक्सेलमधील तारखांची यादी त्यात थेट चढवता येते, हे मदत केंद्राने सांगितलेच नव्हते. दिनदर्शिका समोर ठेवून वर्षभराच्या संकष्टी आणि एकादशी एकदाच भरल्या आणि उपवासाच्या यादीला नेहमीच्या यादीपेक्षा वरचा अग्रक्रम दिला. नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा यांच्या वेळा खाली तशाच ठेवाव्यात, त्यांना हात लावू नये. वरची यादी संपली की खालची आपोआप दिसू लागते. एकादशीला साबुदाणा खिचडी आणि भगर रात्री बंद होईपर्यंत चालते, परंतु संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, तेव्हा गिऱ्हाइकाला वरण-भाताची थाळी आणि मोदक हवे असतात. म्हणून संकष्टीच्या प्रत्येक नोंदीला पंचांगातील आपल्या गावाच्या चंद्रोदयाची वेळ शेवटची वेळ म्हणून द्यावी लागते. हे काम किचकट आहे, पण वर्षातून एकदाच करायचे आहे.

प्रत्येक नोंदीला शेवटची तारीख द्यायची सक्ती मला सुरुवातीला जाच वाटत असे. दिवाळीच्या फराळाची जाहिरात भाऊबीज उलटताच कोणी हात न लावता निघून गेली, तेव्हापासून ती सक्ती मला या सॉफ्टवेअरमधील सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

घड्याळाची बाजू मात्र कच्ची आहे. खाते उघडताना कालक्षेत्र (टाइम झोन) भारतीय वेळेवर आणले नाही, तर सर्व वेळा साडेपाच तासांनी चुकतात आणि सकाळी सातचे पोहे फलकावर साडेबाराला येतात. त्यातच आमच्या प्लेअरमध्ये, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या उपकरणात, घड्याळासाठी बॅटरी नाही. वीज जाऊन आल्यावर तो शेवटची नोंदलेली वेळ धरून चालू होतो आणि इंटरनेट मिळेपर्यंत तीच खरी मानतो. मजकूर प्लेअरमध्ये साठवलेला असल्यामुळे पडदा काळा पडत नाही, परंतु जेवणाच्या वेळी नाश्त्याचे दर दाखवणारा फलक काळ्या पडद्यापेक्षा अधिक त्रासदायक असतो. राउटर आणि प्लेअर दोन्ही छोट्या यूपीएसवर टाकल्यापासून हा प्रकार थांबला. तो खर्च विक्रेत्याने आधीच सांगायला हवा होता.

फिरत्या चित्रांच्या हौसेबद्दलही एक गोष्ट सांगतो. रांगेतला माणूस दोन-तीन मिनिटे उभा असतो. तेवढ्यात संपूर्ण फेरी पूर्ण होत नसेल, तर दर न पाहताच तो गल्ल्यापाशी पोहोचतो आणि दर तोंडी विचारतो. म्हणून आम्ही दरपत्रक एका फलकावर स्थिर ठेवले आणि जाहिराती दुसऱ्यावर हलवल्या.

दरपत्रकाच्या फलकाचे शुल्क मी भरले आहे. जाहिरातींचा फलक मात्र आता पेनड्राइव्हवर चालतो, कारण श्रीखंडाचे चित्र कोणत्या तिथीला दिसावे याचे बंधन नाही आणि त्यासाठी वर्षभराचे पैसे देण्याचे मला काही कारण दिसत नाही.