वॉलआय की बास? मिल लॅक्सवर पहिला गळ टाकण्याआधी

मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. पुण्याहून नाहीतर ठाण्याहून मिनियापोलिसला आलेलं कुणीतरी, एक-दोन हिवाळे सोसून झालेले, ऑफिसातल्या लोकांचं बघून आता गळ टाकायची हौस आलेली. प्रश्न एकच असतो: कोणत्या माशाच्या मागे लागू, वॉलआयच्या की बासच्या? मी उलट विचारतो, मासा खायचाय की पकडायचाय? समोरचा हसतो. आपल्याकडे हे दोन वेगळे प्रश्न कधी नव्हतेच.

आधी तळ्याबद्दल. मिनियापोलिसहून उत्तरेला साधारण शंभर मैल, गाडीने दोन तासांच्या आत. क्षेत्रफळ 1,32,000 एकर, म्हणजे मधोमध होडी उभी केली तर समोरचा काठ दिसत नाही. खोली मात्र त्या मानाने काहीच नाही, जास्तीत जास्त 42 फूट. इतकं पसरट आणि उथळ पाणी असल्यामुळे वारा सुटला की लाटा तापट होतात. छोटी होडी घेऊन जाणाऱ्याने सकाळी आधी वाऱ्याचा अंदाज बघावा, माशांचा नंतर.

पिढ्यान् पिढ्या हे तळं वॉलआयचं. वॉलआय 1965 पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे आणि तळ्याकाठच्या गॅरिसन गावात त्याचा भलामोठा पुतळा आहे, तिथे सगळे फोटो काढतात. पण गेल्या वीसेक वर्षांत तळ्याचा स्वभाव पालटला. 2005 मध्ये इथे झेब्रा शिंपल्या सापडल्या. नखाएवढ्या या परक्या शिंपल्या पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न फस्त करतात, आणि मग पाणी काचेसारखं नितळ होत जातं. आपल्याला नितळ पाणी छान वाटतं. वॉलआयला ते अजिबात मानवत नाही. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा उजेड परतवणारा पडदा असतो, विजेरीच्या झोतात डोळा पांढुरका चमकतो. अंधारात त्याला उत्तम दिसतं, भर उन्हात तो खोल पाण्यात जाऊन बसतो. वॉलआयची संख्या घसरली त्याला इतरही कारणं होती, पण ऑगस्ट 2015 मध्ये सरकारला त्याचा हंगाम मध्येच बंद करावा लागला, तेव्हा काठावरच्या रिसॉर्टवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच पाण्यात बासची स्मॉलमाउथ ही जात मात्र फोफावली. सप्टेंबर 2016 मध्ये इथे बासमास्टर या बास पकडायच्या स्पर्धामालिकेतली मोठी स्पर्धा झाली. जिंकणाऱ्या मिनेसोटाच्याच गड्याने तीन दिवसांत 15 मासे तोलले, वजन 76 पौंडांच्या वर. म्हणजे सरासरी एकेक मासा पाच पौंडांचा, आणि स्मॉलमाउथमध्ये पाच पौंड म्हणजे लोक भिंतीवर फोटो लावतात. पुढच्याच वर्षी देशातल्या बासच्या तळ्यांच्या यादीत मिल लॅक्सचा पहिला नंबर आला. तेव्हा 'मिनेसोटात वॉलआयच पकडायचा असतो' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर ते आजोबांच्या काळातलं समजा.

दोघांची तुलना करायची तर मी घड्याळापासून करीन. बासला सकाळी नऊ वाजता पोहोचलात तरी चालतं. ऊन असो, नसो, तो खडकांच्या आसपास चिंगळासारख्या क्रेफिशच्या शोधात फिरत असतो. पाणी नितळ असेल तर पाच-सात फुटांवर त्याची तपकिरी पाठ डोळ्यांनी दिसते. मुलं होडीत असतील तर याला तोड नाही. वॉलआयची वेळ पहाटेची आणि सूर्य मावळतानाची. दिवसा तो मिळतोच असं नाही, आणि मिळाला तर ढगाळ हवेत, वाऱ्याने पाणी हलत असताना. इथले जुने लोक लाटांचा दिवस बघून खूश होतात, तो त्यासाठीच. म्हणजे वॉलआय हवा तर जेवणाच्या वेळा, मुलांची झोप आणि तुमची दुसऱ्या दिवशीची मीटिंग, सगळं त्याच्या वेळापत्रकाला बांधलं जाणार.

गळाला लागतानाही दोघांचे स्वभाव कळतात. बास आमिषावर झडप घालतो, खाली ओढतो, आणि पुढच्या क्षणी सगळाच्या सगळा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. रॉडची कमान होते, रीळ कर्र करतं, नवख्याच्या तोंडून हमखास ओरड निघते. वॉलआय लागलाय हे पहिल्या दिवशी कळतही नाही. तंगूस नुसता जड होतो, पाण्यातलं गवत अडकल्यासारखा. माझे पहिले चार-पाच वॉलआय मी 'गवत असेल' म्हणून घालवले. वर येतानाही तो उड्या वगैरे मारत नाही, खाली खाली डोकं घालत राहतो. आता मला त्या जडपणातच जास्त मजा वाटते, पण ते कळायला दोन उन्हाळे गेले.

हातात घेतल्यावरचं तेवढं लक्षात ठेवा: बासच्या तोंडात अंगठा घालून खालचा ओठ धरायचा असतो, त्याचे दात कानशीसारखे नुसते खरखरीत. तीच सवय वॉलआयवर चालवलीत तर अंगठ्याला टाके पडतील. त्याचे दात सुळ्यासारखे आहेत.

आता हंगाम, कारण खरा निर्णय बऱ्याचदा कॅलेंडरच घेतं. वॉलआयचा मोसम मेच्या दुसऱ्या शनिवारच्या सुमारास उघडतो. इथे तो सणच असतो. राज्यपाल स्वतः गळ टाकून उद्घाटन करतात, ही प्रथा 1948 पासूनची. बहुतेक वर्षी तो मदर्स डेच्या शनिवार-रविवारलाच येतो, त्यामुळे घरोघरी काय वाद होत असतील ते सांगायला नको. बर्फ गेल्या गेल्या वॉलआयची अंडी घालून झालेली असतात, मासा उथळ पाण्यात, खडीच्या आसपास आणि ओढ्यांच्या मुखाशी असतो. भुकेलेला असतो आणि काठापासून लांब गेलेला नसतो. नवख्याला वॉलआय मिळायची ही वर्षातली सगळ्यात सोपी वेळ. फक्त थंडी बोचते. पाणी पन्नास फॅरनहाइटच्या आसपास, हातमोजे घालावेत तर गाठ मारता येत नाही.

मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत बासची पाळी. पाणी साठ फॅरनहाइटच्या आसपास गेलं की नर खडीत शेपटीने वाटोळं घरटं करतो आणि अंड्यांवर पहारा देत बसतो. या दिवसांत तो कशावरही धावून येतो, म्हणून मिळायला अगदी सोपा. मला हे पटत नाही. बापाला उचललं की घरट्यावर पर्च माशांची धाड पडते. मी घरटं दिसलं की होडी पुढे काढतो. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा, नियम त्याला आड येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये तुलना सरळ बासच्या बाजूने झुकते. वॉलआय तोवर तळ्याच्या उत्तरेकडच्या खोल पाण्यातल्या चिखलाच्या पठारांवर गेलेला असतो. तो सापडायला पाण्याखालचे मासे दाखवणारं सोनार यंत्र लागतं, होडी वाऱ्यावर हळूहळू सोडत न्यायचा सराव लागतो. शिवाय खोल आणि कोमट पाण्यातून वर ओढलेला वॉलआय सोडून दिला तरी बरेचदा मरतो. असे सोडल्यावर मेलेले मासे सरकार या तळ्याच्या वार्षिक कोट्यात धरतं, म्हणून काही वर्षी रात्रीची बंदी येते, आणि 2020 मध्ये तर अख्खा जुलै वॉलआयची मासेमारी बंद होती. बास उथळात असतो, अंगाने काटक असतो, पटकन सोडला तर सरळ निघून जातो.

सप्टेंबर-ऑक्टोबर दोघांचाही उत्तम. पानं रंगायला लागली की बास थंडीची तयारी म्हणून टोळीने खातो आणि वर्षातला सगळ्यात जाड मासा तेव्हा मिळतो. वॉलआय संध्याकाळी परत काठाच्या खडकांकडे येतो. मला निवडायला सांगितलं तर मी हेच दिवस निवडीन: दुपारी बास, अंधार पडताना वॉलआय.

हिवाळ्यात तुलनाच नाही. बास बर्फाखाली जवळजवळ निपचित पडतो. वॉलआय खातो, आणि त्याच्यासाठी गोठलेल्या तळ्यावर चाकांच्या खोल्यांची गावंच वसतात, आत हीटर, बिछाने, जमिनीला भोकं. पायी जायलाही किमान चार इंच पक्का बर्फ हवा, आणि तो प्रत्येक ठिकाणी मोजायचा. वॉलआयचा मोसम फेब्रुवारीच्या शेवटी संपतो.

साहित्याचं फार मनावर घेऊ नका. मध्यम स्पिनिंग रॉड एकच घेतलात तरी दोन्ही भागतं. फरक आमिषाचा. बासला रबराची खोटी आमिषं चालतात, डबीत वर्षभर पडून राहिली तरी बिघडत नाहीत. वॉलआयला जिवंत लागतं: छोटे मासे, गांडुळं, आणि उन्हाळ्यात सगळ्यात भारी म्हणजे जळू. हो, जळूच. दुकानात वजनावर मिळते. शोषायच्या टोकाकडून गळात ओवायची आणि तरंगत्या बॉबरखाली खडकांवर सोडायची. ती पाण्यात जी वळवळते, त्याला वॉलआय भुलतो. जळवा जगवायच्या तर थंडाव्यात ठेवाव्या लागतात. आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी एक डबा असतो, त्यावर बायकोने लाल मार्करने 'उघडू नये' लिहिलंय. भारतातून आलेल्या एका पाहुण्यांनी चटणी समजून तो उघडला होता, तेव्हापासून.

आणि आता ताट. इथे वॉलआय सरळ जिंकतो. पांढरंशुभ्र, घट्ट, जराही चिखलट वास नसलेलं मांस, आणि काटे अगदी मोजके. रोहू-कटल्याच्या बारीक काट्यांना वैतागून गोड्या पाण्यातल्या माशाला नाकं मुरडणारी माणसं मी वॉलआयच्या रवा फ्रायवर तुटून पडताना पाहिली आहेत. मीठ, हळद, तिखट, आगळाचा हात, वरून रवा. जिताड्याची आठवण येते, बरोबरी होत नाही. बासही खाता येतो, वाईट लागत नाही. पण स्मॉलमाउथ घरी नेणाऱ्याकडे इथले लोक जरा विचित्रच बघतात, आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर तर तो कायद्यानेच सोडून द्यावा लागतो. मोठ्या वॉलआयमध्ये पारा जास्त साठतो. गरोदर बायका आणि लहान मुलांनी किती खावा याचं राज्याच्या आरोग्य खात्याचं वेगळं कोष्टक आहे, ते बघून घ्या.

मात्र मिल लॅक्सवर वॉलआय घरी नेता येईलच असं समजू नका. इथला कोटा राज्य आणि ओजिब्वे या इथल्या मूळनिवासी लोकांचे आठ समूह यांच्यात वाटला जातो. 1837 च्या तहातला मासेमारीचा हक्क त्यांनी कोर्टात लढून राखला आणि 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्यामुळे या तळ्याचे नियम राज्यापेक्षा वेगळे असतात आणि दरवर्षी, कधी मोसमाच्या मध्येही, बदलतात. किती मासे, किती इंचांचे, सगळं. 2016 पासून काही उन्हाळे तर एकही वॉलआय ठेवायची परवानगी नव्हती. जायच्या आदल्या रात्री डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, पानावर मिल लॅक्सचा भाग वाचल्याशिवाय निघू नका.

माझा पहिला मोठा वॉलआय अशाच मापाच्या नियमाच्या एका वर्षातला. पट्टीवर ठेवला, मापात बसेना, सोडला. रात्री वेंगुर्ल्याला आईला फोटो पाठवला तर लगेच फोन: "इतको मोठो मासो हातातसून सोडलंस? याड लागला काय तुका?" नियम समजावून सांगितला. तिला तो पटला नाही, अजून नाही.

खर्चाचं थोडक्यात. परवाना दोन्ही माशांसाठी एकच, आणि तो दरवर्षी मार्चमध्ये नवा घ्यायचा. होडी नसेल तर वॉलआय स्वस्त पडतो, कारण मिल लॅक्सवर 'लॉन्च' नावाच्या मोठ्या बोटी आहेत. वीस-तीस माणसं, माणशी तिकीट, रॉड आणि आमिष बहुधा त्यांचंच, संध्याकाळची चारेक तासांची फेरी. आपल्याकडच्या लाँचसारखीच गर्दी आणि गप्पा. बाससाठी अशी सोय नाही. दोन-तीन जणांना घेणारा गाइड करावा लागतो आणि तो कैक पटींनी महाग पडतो. काठावरून बास मिळतो, पण मग मिल लॅक्सपर्यंत गाडी हाणायची गरजच काय? मिनियापोलिसमधल्या तळ्यांवर बासची दुसरी जात, लार्जमाउथ, धक्क्यावरूनही लागते.

तेव्हा मेमध्ये विचारलंत तर मी वॉलआय सांगीन, तोही लॉन्चवरून. जुलैमध्ये शाळकरी मुलांना घेऊन विचारलंत तर बास, आणि दुपारी तीनला परत. नुसता खायलाच हवा असेल तर मिल लॅक्स सोडा, त्या वर्षी जिथे नियम सैल असतील असं दुसरं तळं बघा. मिनेसोटात तळ्यांना तोटा नाही.

जून असला तरी जाड जाकीट घ्या. लॉन्च परत येते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि पाण्यावरून येणारा वारा टी-शर्टवाल्याला पूर्ण वेळ केबिनमध्ये बसवून ठेवतो.