आधी पोहताना बघा, मग नाव द्या: गोड्या पाण्यातले चार ऑस्ट्राकॉड

पाण्याच्या नमुन्यात मोहरीहून बारीक, दोन झडपांत (कवचाच्या दोन अर्ध्या भागांत) मिटलेला दाणा पळताना दिसला, तर तो बहुधा ऑस्ट्राकॉड, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या गटातला चिमुकला कवचधारी प्राणी. झडपांवर शिंपल्यासारख्या वाढीच्या रेघा नसतात, कारण कात टाकताना जुनं कवचही जातं. रेघा दिसल्या, तर प्राणी दुसराच आहे.

आता जात कोणती? पहिली चाचणी सोपी आहे: बशीत सोडा आणि पोहतो का ते बघा. मी एकदा घाईत सगळा नमुना अल्कोहोलात ओतला. हिरवा रंग उतरला, हालचाल कायमची थांबली, आणि दोन मिनिटांत सुटणारा प्रश्न संध्याकाळभर पुरला.

पोहणाऱ्यांत बहुतेकांची गल्लत होते ती दोघांत. सिप्रिडॉप्सिस विडुआ जेमतेम ०.५ ते ०.७ मिलिमीटर, वरून बघितला तर गुबगुबीत अंड्यासारखा, हिरवट कवचावर आडवे गडद पट्टे. हेटेरोसिप्रिस इनकॉन्ग्रुएन्स त्याच्या दुपटीहून मोठा, साधारण दीड मिलिमीटर, पिवळसर-तपकिरी, पट्ट्यांविना. पण त्याचं पिल्लू विडुआएवढंच असतं, म्हणून नुसत्या मापावर जाऊ नका. खात्री हवी तर झडपा सोडवून उजवी झडप खालून येणाऱ्या उजेडात धरा. हेटेरोसिप्रिसच्या प्रौढात तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेला बारीक दाण्यांची ओळ दिसते. विडुआची कड गुळगुळीत, आणि शरीराच्या टोकाची शेपटीसारख्या उपांगांची जोडी झिजून केसाएवढी उरलेली.

राहण्याच्या जागाही वेगळ्या. विडुआला पाणवनस्पतींची दाटी आवडते, विशेषतः कारा शेवाळाची. हेटेरोसिप्रिस उघड्या चिखलाच्या, आटणाऱ्या डबक्यांचा गडी. त्याची अंडी कोरड्या मातीत तग धरतात. ऑस्ट्राकॉडांची ही खोड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांनी पुरेपूर वापरली: ऑस्ट्रेलियाहून आलेला वाळलेला चिखल पाण्यात भिजवून त्यांनी त्यातून ऑस्ट्राकॉड वाढवले आणि १८८९ मध्ये त्यांची वर्णनं छापली. तरी जागा हा फक्त दुजोरा. तळं आटत असेल तर दोघं शेजारी सापडू शकतात, तेव्हा शब्द झडपेचा.

दाणा पोहतच नाही, तळाशी सरपटतो? मग दुसऱ्या शृंगिकेवर (डोक्यावरच्या मिशांच्या दुसऱ्या जोडीवर) पोहण्याचे लांब केस नसणार, आणि निवड राहते ती कॅन्डोना आणि डार्विन्युलात. डार्विन्युला स्टीव्हनसोनी ओळखायला मला सगळ्यांत सोपा वाटतो: लांबट, सिगारसारखा, सुमारे ०.७ मिलिमीटर. तळ्यांच्या आणि संथ ओढ्यांच्या गाळात राहतो. मादी अंडी-पिल्लं कवचाच्या मागच्या भागातच सांभाळते, ती बाहेरूनही दिसतात. रिकामी झडप मिळाली तरी चालेल. स्नायूंच्या खुणा फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोलात मांडलेल्या असतात.

कॅन्डोना कॅन्डिडा पांढराशुभ्र, एक मिलिमीटरहून थोडा मोठा, थंड पाण्याचा, झऱ्यांतही सापडणारा. इथे मात्र उत्साह आवरा. पांढरे, घेवड्याच्या दाण्यासारखे नातेवाईक त्याला पुष्कळ आहेत आणि फरक पायांच्या, जननेंद्रियांच्या बारकाव्यांत दडलेले असतात. प्रौढ नमुना आणि सुईने विच्छेदन करायची तयारी नसेल, तर वहीत ‘कॅन्डोना कुळातला, जात ठरली नाही’ असं लिहा आणि कुपीवर जागा-तारखेची चिठ्ठी लावा.